नऊ किलो दोनशे

"नऊ किलो दोनशे," अंगणवाडीच्या प्रेमाताईंनी टॅबवरचा आकडा वाचला आणि गिरजाकडे बघून म्हणाल्या, "हिरवी आली गो तुझी समीक्षा. सूरजच्या बरोबरीला."

गिरजा लाजल्यासारखी हसली. काट्याच्या निळ्या ताटलीतून तिनं पोरीला उचललं, ते एका हातानं. दुसऱ्या हातानं ती पदर सारखा करत होती.

संजीवनीच्या नजरेतून तो एक हात सुटला नाही. पाचच मिनिटांपूर्वी तिनं आपल्या सूरजला त्याच ताटलीतून उचललं होतं, दोन्ही हातांनी, आणि तरी कमरेत कळ आली होती. सूरजही नऊ किलो दोनशेच भरला होता. दोघं एकाच महिन्याची, अकरा महिन्यांची.

"दे बघू जरा तिला," म्हणत तिनं सूरजला ओसरीवर बसवलं आणि समीक्षाला घेतलं. घेतलं, तर हाताला वजनच लागेना. पोरीच्या मांडीची कातडी सैल लोंबत होती. डोळे तेवढे मोठे. रडतही नव्हती.

"प्रेमाताई, ही नऊ किलोची आहे?"

"मी कुठं बोलतेय? टॅब बोलतोय."

"तुम्ही उचलून तर बघा."

"उचललीय. मला काय डोळे नायत? अठरा वर्षं पोरंच उचलतेय मी." प्रेमाताईंनी आवाज खाली आणला. "पण मला लिहायला जागा कुठं ठेवलीय? पहिलं वहीत लिहायचो, तर वरचे बोलायचे, सेविका घरी बसून आकडे टाकतात. म्हणून गेल्या महिन्यात हा काटा आणला. याला आकडा दिसायची काचच नाय. वायर टॅबमदी, आकडा टॅबमदी. मी फक्त बटन दाबायचं."

"मग परत ठेवा तिला."

"एका पोराला महिन्यातून एकदाच. दुसऱ्यांदा दाबायला गेलं की बटन दबतच नाय."

मागे लहानीआजी नातवाला घेऊन ताटकळली होती. नातू कसला, भोपळाच. आजीनं त्याला ताटलीत घातला तेव्हा तो इकडून तिकडून बाहेर आला. प्रेमाताईंनी बटण दाबलं. टॅबवर अशक्त पोराचा लाल ठिपका उमटला. पाच किलो सहाशे.

"गेल्या महिन्यात बी लालच," आजी खुशीत म्हणाली. "लाल म्हणून याला दोन अंडी जास्त मिळतात. ऱ्हाऊ दे लाल. गिरजे, तुझी हिरवी, तुला कायपण नाय."

रांगेतल्या बायका हसल्या. गिरजाही हसली. संजीवनीला हसू आलं नाही.

पाड्यावर परतताना तिनं गिरजाला विचारलं, "हिला दवाखान्यात दाखवलंस का?"

"नेली होती ना वयनी. गेल्या महिन्यात जुलाब लागले तवा शहापूरला नेली. मी बोलले, अशक्त पोरांचा वार्ड आहे तिथं घ्या. तिथल्या बाईनं टॅबमदी नंबर टाकला, बोलली, तुझी मुलगी हिरवी आहे, औषध घे नि जा. वार्ड लालवाल्यांचा." गिरजानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग घरात पण सगळे बोलले, सरकार हिरवी बोलतंय नि तू कशाला घोर लावून घेते. मी पण गप बसले."

ती हे सांगत होती ते तक्रार म्हणून नाही. आपलंच काही चुकलं असेल अशा आवाजात. संजीवनीला तिचाही राग आला, आणि तो राग आल्याचाही राग आला.

घरी येऊन तिनं सूरजला भात भरवला, तोंड पुसलं, दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. ती दिवसातून दहा वेळा बघायची. वजनाच्या दिवशी तर ती साडेनवालाच अंगणवाडीत हजर. काट्याची ताटली आपल्या हातांनी जंतुनाशकानं पुसायची, आणि त्यात पहिला सूरज. त्याच्याआधी त्यात कुणाचं पोर बसलेलं तिला चालत नसे. गिरजा शेजारची, तिच्याबरोबरच निघायची, म्हणून दुसरी समीक्षा. मग बाकीचे.

तिनं लाइट बिलाच्या पाठीवर आकडे लिहिले. सूरज नऊ दोनशे. समीक्षा नऊ दोनशे. आजीचा नातू पाच सहाशे.

पाच सहाशे. समीक्षाला हातात घेतलं तेव्हा साधारण एवढाच आकडा तिच्या मनात आला होता.

कपाटात साड्यांच्या खाली तिचा कॉलेजचा लॅपटॉप होता. मुरबाडला बीएस्सी आयटी करताना घेतलेला. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि एकविसाव्या दिवशी हळद लागली. त्यानंतर त्याच्यावर फक्त लग्नाचे फोटो बघितले गेले. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायला सावळाराम सर होते. कर्नल म्हणजे काय हे ते फळ्याला पाठ टेकून सांगायचे. प्रोग्रॅम कधीही यंत्राशी थेट बोलत नाही. मध्ये कर्नल असतो. की-बोर्ड असो, काटा असो, यंत्राकडून जे येतं ते कच्चं येतं, नुसते बाइट. कर्नल ते जसं आलं तसं, ज्या क्रमानं आलं त्या क्रमानं आपल्याकडे ठेवतो. वजन आहे की नाव आहे, खरं आहे की खोटं, हे त्याला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. हरवू द्यायचं नाही एवढंच त्याचं काम. प्रोग्रॅमनं मागितलं की तो त्यातलं सगळ्यात जुनं आधी काढून देतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, सर, पण जुनं नको असेल तर? सर म्हणाले होते, मग वाचणाऱ्यानं आधी सांगायचं, जुनं टाकून दे. ती अक्कल कर्नलची नाही, वाचणाऱ्याची.

तिनं निरोप धाडला, आणि दुपारी प्रेमाताई स्वतःच काटा नि टॅब घेऊन आल्या, साडीत गुंडाळून, चोरीचा माल आणावा तशा.

"चार वाजेपर्यंत. मॅडम तपासणीला आल्या तर मी सांगणार, पुसायला नेलाय. नि याला काय झालं तर माझी नोकरी जाईल, तुझं काय जाणार नाय."

"माझं पण जाईल, ताई."

"तुझं काय जाईल गो?"

संजीवनीनं काट्याची वायर लॅपटॉपला लावली, आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि त्या वायरीतून येईल ते, मध्ये कुठलाही प्रोग्रॅम न घालता, तसंच्या तसं पडद्यावर सोडायला सांगितलं. मग मिठाचे दोन पुडे ताटलीत ठेवले. क्षणभर काही नाही. ताटली स्थिर झाली आणि एक ओळ उमटली. दोन किलो. पुडे काढून पाच किलो आट्याची पिशवी ठेवली. दुसरी ओळ. पाच किलो. वस्तू ठेवली, स्थिर झाली, की एक ओळ. ना कमी ना जास्त.

"काटा खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

"मग मी काय बोलले?"

आता वायर टॅबला. टॅबमध्ये शिकण्यासाठी सरावाचं एक पान होतं, ते प्रेमाताईंनी उघडलं. मीठ, बटण, दोन किलो. आटा, बटण, पाच किलो. पुन्हा मीठ. पुन्हा आटा. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर.

प्रेमाताई भिंतीला टेकून बसल्या. "झालं समाधान? मशीन बरोबर, टॅब बरोबर. चूक कोणाची, तर आमची. कायम आमचीच असते."

सूरज रांगत येऊन ताटलीशी झोंबत होता. यालाच ठेवून बघू, म्हणून संजीवनीनं त्याला उचलून आत बसवलं. प्रेमाताईंनी बटण दाबलं. नऊ दोनशे. संजीवनीनं त्याला वर उचललं, पुन्हा ताटलीत टेकवलं, आणि मग काढून खाली सोडलं. प्रेमाताईंनी आट्याची पिशवी ठेवून बटण दाबलं.

नऊ किलो दोनशे.

दोघी पिशवीकडे बघत राहिल्या. पिशवीवर मोठ्या अक्षरांत पाच किलो छापलेलं होतं. प्रेमाताईंनी पिशवी काढून मीठ ठेवलं. पाच किलो.

"प्रत्येकाला मागच्याचं वजन लागतंय," संजीवनी म्हणाली.

प्रेमाताई मात्र टॅबकडे बघत नव्हत्या. तिच्याकडे बघत होत्या. "तू त्याला दोनदा का ठेवलास गो?"

मुरबाडकडच्या तिच्या माहेरी पोराचं वजन करताना असं करायची रीत होती. एकदा ठेवायचं, उचलायचं, पुन्हा ठेवायचं. एकदाच ठेवलं तर आकडा पोराला चिकटतो आणि पोर तिथंच अडून बसतं, असं आई म्हणायची. कॉलेजात असताना संजीवनीनं याची चिक्कार टिंगल केली होती. मग सूरज झाला, आणि पहिल्याच वजनाला तिचे हात आपोआप दुसऱ्यांदा खाली गेले. आई फोनवर दर महिन्याला विचारायची, दोनदा ठेवलंस ना? आणि ती म्हणायची, हो गं बाई.

दोनदा ठेवलं, दोन ओळी गेल्या. बटण एकदा दाबलं, एक ओळ वाचली गेली. दुसरी ओळ टॅबमधल्या कर्नलनं इमानानं सांभाळून ठेवली, मागतील तेव्हा द्यायला. आणि मागितली ती समीक्षाच्या वेळी. समीक्षाची आजीच्या नातवाला गेली. अख्खा पाडा एकेका पोरानं सरकला. दोन महिने. गिरजाच्या पोरीला दोन महिने हिरवं ठेवलं ते सूरजनं, म्हणजे तिनं.

तिला राग आला, पण तो स्वतःवरचा नव्हता. शंभर घरांत शंभर रिती असतात. कुणी पोराला चुचकारून परत बसवील, कुणाचं पोर उसळी मारील, कुणी टोपरं काढून पुन्हा ठेवील. ज्यानं कुणी हा प्रोग्रॅम लिहिला त्यानं आयुष्यात एकदा तरी कुठल्या पोराचं वजन होताना पाहिलं होतं का? वाचण्याआधी जुनं टाकून दे, एवढी एक ओळ लिहायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं ती आणि गिरजा शहापूरला गेल्या. दोघींच्या मांडीवर दोन पोरं. दवाखान्यातल्या बाईंनी नंबर टाकला आणि टॅब त्यांच्याकडे फिरवला. "नऊ दोनशे, हिरवी. कालचंच वजन आहे."

"ते चुकलंय. तुमच्या काट्यावर ठेवा."

"वॉर्डात घ्यायचं ते नोंदीवरून. नोंद चुकली असेल तर ऑफिसातून दुरुस्त करून आणा."

"तुम्ही नुसतं मुलीकडे बघा हो."

"बघितलं," बाई म्हणाल्या, आणि त्या खरंच बघत होत्या. "ऑफिसातून आणा."

तालुक्याच्या ऑफिसात टॅबचं सगळं काम शेखर नावाचा एक तिशीचा माणूस बघायचा. कंत्राटी. टेबलावर बंद पडलेल्या टॅबांची चळत. संजीवनीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. दोनदा ठेवलेलं पोर, दोन ओळी, एक बटण, मीठ, आटा. त्यानं मध्ये तोडलं नाही.

"मॅडम, तुम्ही कुठं कामाला?"

"घरी असते."

"नाही, एवढं सगळं कसं—"

"बीएस्सी आयटी. बटण दाबलं की आधी साठलेलं टाकून द्यायचं, मग वाचायचं. एका ओळीचं काम आहे. कंपनीला कळवा."

शेखरनं खुर्ची मागे सरकवली, दार लोटलेलं आहे का बघितलं. "कळवलंय. तीन महिने झाले."

संजीवनीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"काटे तालुक्यात आले त्याच आठवड्यात कळलं होतं. कंपनी बोलली, पुढच्या अपडेटमध्ये करू. तोपर्यंत सोपं आहे. प्रत्येक पोरानंतर वायरची पिन काढायची, दहा आकडे मोजायचे, परत लावायची. पिन निघाली की जुनं साठलेलं जातं."

"मग सेविकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना. तोंडी. मीटिंगला ज्या होत्या त्यांना."

"प्रेमाताईंना माहीत नाही. लेखी का नाही काढलं?"

"लेखी काढलं म्हणजे आधीचे सगळे रिपोर्ट चुकीचे, असं आम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. समजून घ्या. रिपोर्ट वर गेलेत. तालुक्यात हिरवी पोरं किती वाढली, त्याचं कौतुक झालंय."

"मग हिची नोंद दुरुस्त करा."

"बंद झालेली नोंद माझ्याकडून उघडत नाही. पुढच्या महिन्यात बरोबर वजन येईल ना, पिन काढली की."

"पुढच्या महिन्यात," संजीवनी म्हणाली.

गिरजा दाराशी उभी होती. तिला यातलं किती कळलं कोण जाणे; पण 'पुढच्या महिन्यात' हे तिला कळलं. तिनं समीक्षाच्या डोक्यावरून पदर ओढला. संजीवनीनं वळून, न विचारता, पोरगी तिच्या हातातून घेतली आणि शेखरच्या टेबलावर, टॅबांच्या चळतीशेजारी, उघड्या रजिस्टरवर ठेवली.

"उचला तिला."

"मॅडम, हे काय—"

"नऊ किलो दोनशे आहे. तुमच्या टॅबात आहे. उचला."

शेखर इकडेतिकडे बघू लागला. समीक्षा रजिस्टरवर पडून वर पंख्याकडे बघत होती. शेवटी त्यानं दोन्ही हात खाली घातले, जड काहीतरी उचलायचं म्हणून जोर लावला, आणि पोरगी एकदम त्याच्या हनुवटीपर्यंत वर आली. तो तसाच थांबला.

"मला पण एक आहे," तो कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाला. "दीड वर्षाची."

"तिचं वजन कुठं करता?"

पोरगी गिरजाच्या हातात देऊन त्यानं फोन उचलला. "हां, सिस्टर, आत्ता एक बाळ येईल. काट्यावर घ्या. नाही, नोंद तीच राहू दे. मी सांगतोय ना. नाही, लेखी नाही." फोन ठेवून म्हणाला, "जा. घेतील."

"परत तोंडीच," संजीवनी म्हणाली.

"मॅडम, माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे."

तिनं त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहिलं. तारीख, अंगणवाडी, मुलीचं नाव. 'माझ्या मुलाला मी काट्यावर दोनदा ठेवले. त्याचे दुसरे वजन समीक्षाच्या नावे नोंदले गेले. ही चूक कार्यालयास तीन महिन्यांपासून माहीत आहे.' खाली पूर्ण नाव, सही. पोच मागितली. शेखरनं कागद वाचला, शिक्क्याच्या डबीकडे बघितलं आणि कागद परत तिच्यासमोर सरकवला. तिनं तो तिथंच ठेवला, बंद टॅबांच्या खाली, आणि सूरजला कडेवर घेऊन बाहेर पडली. कुणाच्या तरी कानफटात मारायची होती, आणि समोर एकही गाल नव्हता.

दवाखान्याच्या काट्यावर समीक्षा पाच किलो सहाशेच भरली. त्याच दुपारी तिला खाट मिळाली. गिरजा चौदा दिवस खाटेशी जमिनीवर चटई टाकून राहिली. मग आणखी आठ दिवस. तिकडून तिचा एकदाच फोन आला. "वयनी, काल ती रडली. मोठ्यानं रडली. सिस्टर बोलली, चांगलं आहे."

पुढच्या महिन्याच्या वजनाला संजीवनी दहाला निघाली. ताटली पुसायची बाटली तिनं घरीच ठेवली. ठेवली, परत घेतली, परत ठेवली. अंगणवाडीत पोचली तर गिरजा ओसरीच्या पहिल्या पायरीवर, सगळ्यांच्या पुढे. समीक्षाच्या डोक्यावर नवं टोपरं होतं. गालांना अजून गाल म्हणता येत नव्हतं, पण ती रडत होती.

"आज पहिली मी," गिरजा म्हणाली. संजीवनीकडे न बघता.

"हो," संजीवनी म्हणाली आणि लहानीआजीच्या मागे जाऊन उभी राहिली. आजी पुटपुटत होती, आज आपला नातू लाल येतो का नाय.

गिरजानं पोरीला ताटलीत ठेवलं. प्रेमाताईंनी बटण दाबलं आणि टॅबवरची ओळ दोनदा वाचली.

"काय बोलतोय, ताई?"

"सहा किलो पाचशे."

"म्हणजे वाढली ना?"

"वाढली. नऊशे ग्रॅमनं." प्रेमाताईंचा आवाज कोरडा झाला होता. "पण हा बोलतोय, एका महिन्यात दोन किलो सातशे घटली. सेविकेनं खुलासा द्यावा. लेखी."

संजीवनी पुढे आली, म्हणाली, "खुलासा मी लिहून देते, ताई. माझ्या नावानं."

"तू तुझं लिही," प्रेमाताई म्हणाल्या. "माझं मी लिहीन. अठरा वर्षं लिहितेय."

गिरजानं टॅबकडे बघितलंसुद्धा नाही. "बोलू दे त्याला," ती म्हणाली. मग वाकून तिनं दोन्ही हातांनी समीक्षाला उचललं, वर धरलं, आणि सावकाश पुन्हा ताटलीत ठेवलं.

प्रेमाताईंनी वायरची पिन काढून हातात धरली आणि मनातल्या मनात दहा मोजू लागल्या.